गाडी बंद होती

पतंगाचा कागद माहीत आहे ना? तो झिरझिरीत, फुंकरीनं उडणारा. संक्रांत होऊन गेली की गल्लीतल्या पोरांकडचे फाटके पतंग मी गोळा करून ठेवायची. बायका हसायच्या, मिस्त्रीची बायको पतंग उडवते म्हणून. उडवायला नव्हते हो ते. नांदेडला आमचं जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं, आणि इंजिनात कॅम बसवला की तो बरोबर बसलाय का, हे तपासायला आमच्या ह्यांना तो कागद लागायचा. ह्यांच्या उस्तादांची ती रीत. मोजायची यंत्रं उस्तादांकडं नव्हती. कागद आणि इंजिन हातानं फिरवायचं हँडल, बस्स. कागद धरायला बारीक बोटं लागतात, आणि ह्यांची बोटं म्हणजे अर्धापूरची केळी. म्हणून ते काम माझ्याकडं आलं आणि गॅरेज होतं तोवर माझ्याकडंच राहिलं. शाळा मी फार पाहिली नाही. वाचायला शिकले तेसुद्धा स्पेअरपार्टच्या खोक्यांवरची अक्षरं लावून.

कॅम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनाला दम घ्यायला आणि सोडायला झडपा असतात, त्यांना वाल्व म्हणतात. त्या कधी उघडायच्या, कधी मिटायच्या हे ठरवणारा लोखंडी दांडा म्हणजे कॅम. खालचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्याला चेननं फिरवतो. खालचा दोनदा फिरला की कॅम एकदा. दोघांच्या दातेरी चाकांवर एकेक ठिपका कोरलेला असतो. ते ठिपके समोरासमोर आणायचे आणि चेन चढवायची. एका दाताची चूक झाली तरी गाडी भलत्या वेळी श्वास घेते. मग ती खोकते, घरघरते, सायलेन्सरमधून बार काढते.

आता लातूरचं सांगते.

भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. लातूरला तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. जिकडं बघावं तिकडं घरावर मजला चढायला लागलेला, त्याच्यावर आणखी एक, आणि प्रत्येक मजल्यावर परगावची लेकरं. रस्त्यावर वाळूचे ढीग, सळयांचे भारे. ज्या लोकांची घरं दगडमातीत बसली होती, तेच लोक मार्कांसाठी लेकरांना तिसऱ्या मजल्यावर ठेवून जात होते, आणि ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही वाटलं. माझी मुलगी तिथंच होती, बारावीला, एका सरांच्या क्लासमध्ये. क्लास खाली, मुलींचं होस्टेल वर.

तिच्या खोलीत भूकंपाच्या गावातली एक पोरगी होती. आईबाप, भाऊ, सगळे एका रात्रीत गेलेले. लातूरजवळच्या मुरुडच्या मामानं तिला वाढवली होती. मामाचं तिथं किराण्याचं दुकान. मुलगी मला फोनवर हसत सांगायची, "आई, ही पायात चप्पल घालून झोपते."

सरांकडं त्यांच्या वडलांची जुनी गाडी होती, गोल पाठीची, जड, रणगाड्यासारखी. होस्टेलच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. नव्या इमारतीच्या मुहूर्ताला सरांना त्याच गाडीतून उतरायचं होतं. तिथल्याच एका मेकॅनिकनं तिचं इंजिन खोललं, कशीतरी चेन चढवली आणि थेट स्टार्टर मारला. आधी जमिनीतून यावी तशी घरघर झाली आणि मग धाडकन बार. वरचे तिन्ही मजले जिन्यात आले. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या पोरीनं जिना मोकळा व्हायची वाटच बघितली नाही. तिनं पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाळूच्या ढिगावर उडी टाकली. नुसता पाय मुरगळला, म्हणून निभावलं.

मामा आला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "ह्या वेळी सोडलं. आणखी एकदा अशी पळालीस तर बोचकं बांधायचं आन् मुरुडला यायचं. बारावी ऱ्हाऊ दे."

मुलीचा फोन आला. "आई, बाबांना घेऊन ये. सरांना मी सांगितलंय, माझ्या बाबांना जुन्या गाड्या कळतात. पण गाडी आवाज न करता चालू झाली पाहिजे. न्हाईतर ही जाईल गं. वर्गात पहिली येते ती."

तर असं ते काम आमच्याकडं आलं. आम्ही एस.टी.नं लातूरला गेलो आणि नणंदेकडं उतरलो.

पहिल्या दिवशी ह्यांनी इंजिनाचं पुढचं झाकण काढलं. मी कंदिलासारखा दिवा धरून उभी. ह्यांनी हँडल हळूहळू फिरवून ठिपके जवळ आणले. ते समोरासमोर आलेच नाहीत. एकमेकांची तोंडं चुकवून उभे होते, एका दातानं. चेनही ताणून ताणून ढिली झालेली, हातात धरली तर जुन्या करगोट्यासारखी लोंबायची.

"बघ," हे म्हणाले. "ही चेन झाकणावर घासायली म्हणून घरघर. आन् दात चुकला म्हणून बार."

"लई मोठं काम हाय का हो?"

"काम मोठं न्हाई. घाई करणारा माणूस मोठा हाय," असं म्हणून ह्यांनी सरांच्या खिडकीकडं मान केली.

तेवढ्यात ती पोरगी शेडच्या दारात आली. लंगडत होती थोडी. किडकिडीत, दोन वेण्या, डोळे मात्र सारखे पायाखाली. ओळख करून द्यायला लागलीच नाही.

"काकू, कधी चालू करणार?"

"उद्या न्हाई तर परवा. नवी चेन नांदेडहूनच आणलीय, पण आधी सगळं धुवायचंय."

"आवाज होईल?"

"थोडा तर होईलच की बाई. इंजिन हाय ते."

ती पुढं आली आणि इंजिनावर तळवा ठेवला. मग वाकून जमिनीवर ठेवला. मला विचित्र वाटलं. तीच म्हणाली, "जमिनीचा आवाज आधी पायाला लागतो, मग कानाला. गाडीचा आधी कानाला लागतो. त्या दिवशी मी झोपेत होते, म्हणून चुकले."

हे इंजिनात डोकं घालून होते. तिथूनच म्हणाले, "पोरी, तुला गॅरेजमध्ये ठेवली पाहिजे."

ती पहिल्यांदा हसली. "मामा न्हाई म्हणंल."

दुसऱ्या दिवशी सरांनी सराव परीक्षा ठेवली होती, वर पोरींच्या खोल्यांमध्येच. पेपर सुरू व्हायच्या आधी ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, आम्हालाही ऐकू आलं. "आज मागं गाडीचं काम चालू आहे. आवाज येईल, हादरा बसेल. कुणीही जागा सोडायची नाही. जी उठेल तिचा पेपर रद्द." आणि मग खास त्या पोरीचं नाव घेऊन, "तू तर अजिबात नाही."

मला ते तेव्हा बरंच वाटलं. आता पोरी घाबरणार नाहीत, असं वाटलं.

आम्ही शेडमध्ये. जुनी चेन काढून बाजूला टाकलेली, नवी चेन डिझेलच्या घमेल्यात. इंजिनाचं तोंड उघडं, प्लगसुद्धा काढलेले. म्हणजे ती गाडी त्या क्षणी चालू करायची म्हटलं तरी झाली नसती. हे चाकांचे दात चिंधीनं पुसत होते. मी घमेल्याशी बसले होते, चेन उलटीपालटी करत.

घमेल्यातलं डिझेल आधी शहारलं. म्हशीच्या पाठीवर माशी बसली की कातडी कशी थरथरते, तसं. माझा हात आत होता, मला वाटलं मीच हलवलं. मग मडगार्डवर मांडलेले पाने एकमेकांना लागून किणकिणले. आणि मग तो आवाज आला. खालून. लांबवर कुठंतरी भरलेला ट्रक मातीतून चाललाय, असा. शेडचा पत्रा कुरकुरला.

ह्यांचा पुसता हात थांबला. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

मी धावत बाहेर आले. वर तीन मजल्यांच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत खाली वाकलेली डोकी. पोरी पेपर लिहायला लागलेल्या. एकही डोकं वर होईना. मी मुलीला हाक मारली. ती तिसऱ्या मजल्यावर खिडकीशीच बसली होती.

"अगं उतर! खाली ये!"

तिनं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आई, गाडीच हाय. सरांनी सांगितलंय की."

"गाडी बंद हाय गं!"

पण ती पुन्हा लिहायला लागली होती. शेजारची एक पोरगी हसली, काकू घाबरली म्हणून. आज इतकी वर्षं झाली, कधी झोप येत नसली की ती वाकलेली डोकी डोळ्यांपुढं येतात. पोरी धीट नव्हत्या हो. त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं आणि त्या बसल्या होत्या.

जिन्यातून एकटी ती पोरगी आली. पळत नव्हती. कठड्याला धरून, दुखरा पाय संभाळत, हातात अर्धा लिहिलेला पेपर. माझ्याजवळून गेली, शेडमध्ये शिरली, इंजिनावर तळवा ठेवला. इंजिन थंडगार.

"काका, बंद हाय ना?"

"बंद हाय," हे म्हणाले. "चेनच न्हाई तिच्यात."

ती बाहेर आली आणि वर तोंड करून अशी ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. "गाडी न्हाई! उतरा! गाडी न्हाई ही!"

तेव्हा कुठं पोरी उठल्या. खाली येईपर्यंत सगळं शांत झालं होतं. भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. अंगणात पोरी एकमेकींना विचारायला लागल्या की खरंच काही झालं का. तिथंच सर आले.

"कोण ओरडलं?" त्यांना ठाऊक होतं कोण. "पुन्हा तूच! सगळ्यांचा पेपर घालवलास. बोलव मामाला."

मामा दुपारी आला. मुरुड काही लांब नाही. तो यायच्या आधी सर शेडमध्ये आले आणि ह्यांच्याजवळ उकिडवे बसले. माणूस वाईट नव्हता, हे मी सांगते. घाम फुटला होता त्यांना.

"मिस्त्री, मामा विचारील. तुम्ही म्हणा, गाडीचा आवाज होता. इंजिन जरा फिरवून बघत होतो म्हणा."

"पण सर..."

"अहो, जमिनीचा म्हटलं तर उद्या सकाळपर्यंत सगळं होस्टेल रिकामं होईल. पालक काय थांबतात का? आणि तुमचीसुद्धा लेक इथंच शिकायलीय."

हे चिंधी घेऊन तेच ते चाक पुसत राहिले. मला कळत होतं, काय चाललंय मनात. गाडीचा आवाज म्हटलं तर पोरगी वेडी ठरते आणि मामा तिला घेऊन जातो. नाही म्हटलं तर सर तोंडावर पडतात, आणि आमची मुलगी अजून त्यांच्याच हाताखाली.

मामा आला तो बोचकं बांधायच्या तयारीनंच. पोरगी भिंतीला टेकून उभी. सर म्हणाले, "गाडीच्या आवाजानं घाबरली पुन्हा. मिस्त्रींनाच विचारा."

मामा शेडमध्ये आला. "मिस्त्री, गाडी चालू होती का?"

हे उठले. कमरेला हात लावून सरळ झाले. एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी काही खूण केली नाही. मग म्हणाले, "न्हाई हो. बंद होती."

"मग कशाचा आवाज?"

"ते मला विचारू नका. तुम्हांला ठाऊक हाय कशाचा."

मामा मटकन ओट्यावर बसला. मला वाटलं, आता पोरीची सुटका झाली. पण तो वर तिसऱ्या मजल्याकडं बघत बसला, आणि मग उठून म्हणाला, "चल. सामान घे. खोटं असतं तर एखाद्या वेळी ठेवली बी असती. खरं हाय म्हणल्यावर कशी ठेवू? एकच जीव राहिलाय बहिणीचा."

खरं बोलून असं झालं. ह्यांचा चेहरा उतरला.

पोरगी भिंतीपासून हलली नाही. "मामा, मुरुडला जमीन वाजत न्हाई का?"

"वाजती. पण तिथं मी हाय."

"तुम्ही दुकानात असता. मी माडीवर असते." मग तिनं हात करून शेड दाखवली. "मला इथं ऱ्हाऊ द्या. वर पत्रा हाय. पडला तर पत्राच पडंल."

"इथं गाडी आहे," सर म्हणाले. "आणि मुलीनं एकटीनं असं शेडमध्ये..."

"गाडी काढा," मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम दुकानदाराचा झाला. "काढता का? न्हाई तर मी नेतो हिला, आन् मुरुडच्या बाजारात विचारतील त्याला सांगतो का नेलं ते."

सरांनी ह्यांच्याकडं बघितलं. "कधी होईल चालू?"

"उद्या. पण माझ्या रीतीनं. मी सांगितल्याबिगर स्टार्टरला हात लावायचा न्हाई."

मामा रात्रीपुरता थांबला, त्याच्या ओळखीच्या घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके जुळवले. वरच्या चाकाचा ठिपका खाली, खालच्या चाकाचा वर, नाकाला नाक. नवी चेन चढवली. मग ह्यांनी हँडल घातलं आणि हळू फिरवायला लागले. क्रँकचे दोन फेरे झाले की ठिपके परत समोर यायला पाहिजेत, आणि मधे कुठं हाताला अडकलं तर तिथंच थांबायचं, जोर लावायचा नाही. उस्ताद म्हणायचे, इंजिनाला आधी हातानं विचारा. ठिपके आले परत. झाकण बसवलं, पुली बसवली. आता माझं काम.

वर झडपेच्या डोक्यावर एक छोटा हातोडा असतो, रॉकर. त्याच्या आणि झडपेच्या मधल्या फटीत मी पतंगाच्या कागदाची पट्टी सरकवली आणि दोन बोटांत धरून मागंपुढं हलवत राहिले. हे हँडल फिरवणार. ज्या क्षणी कागद आवळला जातो, त्या क्षणी झडप उघडायला लागली. तेव्हा पुलीवरची खूण वरच्या टोकाच्या, म्हणजे पिस्टन पार वर पोचतो त्या जागेच्या, किंचित अलीकडं असली पाहिजे. पुढं गेलेली असली तर उशीर झाला, सगळं पुन्हा खोला.

"धरला!" मी म्हणाले.

हे थांबले, वाकून पुली बघितली. "खूण तर लई मागं हाय अजून. तू धरलास का रॉकरनं धरला?"

कागद आपसूक हलल्यासारखा वाटत होता. माझ्या बोटांनी का जमिनीनं, ते मला कळेना. खोटं कशाला सांगू, कागद हातात असला की एरवी मला बाकीचं जग दिसत नसे. त्या दिवशी अर्धं लक्ष तळपायात होतं.

"पुन्हा फिरवा."

पुन्हा तसंच. मी आधीच ओरडले. मामा दारात उभा राहून बघत होता, पोरगी त्याच्याजवळ. ती आत आली आणि माझ्या शेजारी अनवाणी उभी राहिली. "काकू, जमिनीकडं मी बघते. तुम्ही कागदाकडं बघा."

मग जमलं. कागद मोकळा, मोकळा, मोकळा, आणि मग त्याला हळूच कुणीतरी दातांत धरल्यासारखं झालं. "धरला." हे थांबले. खूण टोकाच्या किंचित अलीकडं, जिथं हवी तिथं. तरी ह्यांनी परत फिरवून परत बघितलं.

प्लग बसवले, पाणी भरलं. सर किल्लीशी बसले. कपाळाला रुमाल. मी वर बघितलं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या, कुणी वाकलेलं नव्हतं, सगळ्या खाली बघत होत्या. माझी मुलगीही. ह्यांनी मान हलवली आणि सरांनी स्टार्टर दिला. गाडी थोडी कण्हली आणि चालू झाली. बार नाही, घरघर नाही, शिलाई मशीन चालावं तसा आवाज. गॅलरीतून कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे त्या पोरीवर. तिनं बॉनेटवर तळवा ठेवला होता.

"गाडी हाय," ती वर बघून म्हणाली.

गाडी शेडमधून निघाली. त्या दिवशी संध्याकाळी त्या पोरीची खाट शेडमध्ये पडली. मामानं दाराला आतून कडी बसवून घेतली आणि सरांच्या स्वयंपाकवाल्या मावशीला तिच्या सोबतीला झोपायला सांगितलं.

मी सरांना विचारलं, माझ्याही लेकीला खाली घ्या. शेडमध्ये जागा नव्हती. मुलगीही नको म्हणाली. "खाली डास हायत आई. आन् वर माझ्या मैत्रिणी हायत." हे म्हणाले, राहू दे, थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे. आम्ही तिला तिसऱ्या मजल्यावर ठेवून नांदेडला आलो. लोक ठेवून येतात तसंच.

मग तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत शेजारच्या दुकानातला फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. परीक्षेच्या आधी एकदा तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, घाईचा.

"आई, काल दुपारी परत झालं. ती खालून ओरडली, आम्ही सगळ्या उतरलो. काही झालं न्हाई. सर रागावले. म्हणाले, गाडीचा आवाज होता."

"मग गाडीचाच असंल गं," मी म्हणाले. माझा मलाच धीर.

"आई, गाडी तर सरांनी मागच्या आठवड्यातच गावाकडं नेऊन ठेवलीय."